पाचव्या मादामची दूधआई

व्हर्साय, १४ नोव्हेंबर

प्रिय बार्बताई,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. वाटेत हरवली असतील अशी मनाची समजूत घालत होते, पण तिन्हीच्या तिन्ही कशी हरवतील? तू रागावली आहेस. कशावरून ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही, कारण हे पत्र आधी कारभारीणबाई वाचतील. मादाम द ब्रेझोल त्यांचं नाव. राजाच्या सगळ्या मुलांचा कारभार त्यांच्या हातात आहे. (मादाम, नमस्कार! बघा, वाईट काही लिहिलेलं नाही.)

मी मजेत आहे. सकाळी उकडलेली कोंबडी, दुपारी भाजलेली कोंबडी, संध्याकाळी कोंबडीचं सूप. कांदा नाही, लसूण नाही, कोबी नाही. असंच चाललं तर एक दिवस मलाच पिसं फुटतील. जिन्याच्या पलीकडे मला जाऊ देत नाहीत आणि जेर्वेला भेटू देत नाहीत. नवऱ्याची सावली पडली तरी दूध आटतं म्हणे. त्याला सांग, तुझ्या सावलीला इथे भारी मान आहे.

बाळ चार महिन्यांचं झालं. महाराजांची ही पाचवी मुलगी, म्हणून सगळे तिला 'पाचव्या मादाम' म्हणतात. नाव असं तिला नाहीच. जन्मली तेव्हा डोक्यावर चार थेंब पाणी शिंपडलं, झालं. नाव ठेवणार पाच-सहा वर्षांनी, मोठा समारंभ करून. वीतभर पोर, आणि पांढऱ्या केसांचे सरदार तिच्यापुढे कमरेत वाकून 'मादाम' म्हणतात! ती त्यांच्या रेशमावर दूध ओकते. कुणी जवळ नसलं की मी आपली तिला 'ठकी' म्हणते.

मी फक्त पाजायचं. दुपटी बदलायला वेगळी बाई, अंगरखे घालायला वेगळी, पाळणा हलवायला गियेमेत. ही गियेमेत बरी आहे, हसते तरी. एकदा ठकीने माझ्या मांडीवरच कार्यक्रम उरकला आणि मी सवयीने पुसायला गेले, तर केवढा गहजब! ज्या बाईचं ते काम, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एक नियम तुला सांगायला हवा. ज्या पत्रात आजारपण, मरण किंवा भांडण असेल ते मला देत नाहीत. राजवैद्य मोस्यू पेल्त्ये म्हणतात, रडलेल्या बाईचं दूध म्हणजे विष. शेजारच्या खोलीत दोन राखीव दूधआया कायम बसवून ठेवल्या आहेत. माझ्या डोळ्यात कचरा गेला तरी त्या उठून उभ्या राहतात.

माझी पेरेत कशी आहे? दात आले का? तुझा तान्हा एटिएन गेला आणि महिन्याभरात जेर्वेने माझी पोर तुझ्या पदरात टाकली. तू एका शब्दाने काही न बोलता तिला अंगावर घेतलंस. ते मी विसरलेले नाही. दोन ओळी तरी लिही.

तुझी,
मातू


व्हर्साय, १९ जानेवारी

ताई,

हे पत्र उर्स्यूल परटिणीच्या हाती देते आहे. तिची आई आपल्या शांतमेर्ल गावाला लागूनच राहते, दर आठवड्याला ती तिकडे जाते. तुझं पत्रही तिने चादरींच्या घडीत लपवून आणलं. मादामना पत्ता नाही.

सात महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. वाटलं, राग गेला. उघडलं तर आत चार ओळी. 'पेरेतला तीन दिवस ताप आहे. घशात घरघर आहे. काही सांगता येत नाही. तू आई आहेस, तुला कळायला हवं म्हणून लिहिते.'

धुण्याच्या खोलीत मी चादरीत तोंड खुपसून रडले. उर्स्यूल पाठीवर हात फिरवत म्हणाली, "अगं बाई, हळू! इथल्या भिंतींना कान आहेत आणि सगळे कान मादामचे आहेत." मी चादर दातांत धरली.

तेवढ्यात वरून हाक आली. पाजायची वेळ झाली होती.

ताई, मी काय करायला हवं होतं? थंड पाण्याने तोंड धुतलं, गाल चोळून लाल केले आणि गेले. आधी पडद्याआड जाऊन थोडं दूध भांड्यात पिळून टाकलं. विष असलंच तर वरचं वर निघून जाईल, असं मला वाटलं. ठकी मला बघून पाय झाडायला लागली. अशी झाडते की मोजे उडून जातात. तिला जवळ घेतलं तर एका हाताने तिने माझं बोट धरलं आणि प्यायला लागली. पीत असताना ती डोळे मिटत नाही, माझ्याकडे बघत राहते. मी छताकडे बघत बसले.

संध्याकाळी तिचं पोट दुखलं. पाय पोटाशी घेऊन किंचाळली. गियेमेत म्हणते, बाळांचं दुखतंच, वारा धरला असेल. पण मला माहीत आहे मी काय पाजलं ते.

कुणाला बोललेले नाही, बोलणारही नाही. बोलले तर तिला माझ्यापासून काढतील, आणि ती दुसऱ्या कुणाला तोंड लावत नाही. तू म्हणशील, मातूच्या तोंडात तीळ भिजत नाही. या वेळी भिजेल. पेरेतचं काय झालं ते लगेच कळव. हवं तर नुसता शब्द लिही, आहे किंवा नाही.

मातू


व्हर्साय, २७ जानेवारी

बार्ब,

झालं तुझं समाधान?

मला काढलं. काल सकाळी. सांगते, म्हणजे तुलाही कळू दे तुझ्या चार ओळींनी काय केलं.

रविवारपासून ठकीला ताप होता. हिरड्या सुजल्या होत्या, दात येत होते. मोस्यू पेल्त्ये आले. त्यांनी माझ्या दुधाचा थेंब नखावर घेतला, नख तिरपं करून पाहिलं, हुंगलं, जिभेला लावलं. मग म्हणाले, "दूध निर्दोष आहे. काळजीचं कारण नाही."

तेव्हा गप्प बसले असते तर! पण मी काय पाजलं होतं ते मलाच माहीत होतं. नखावरचा थेंब दिसतो, मनातलं कुठे दिसतं? माझ्या मांडीवर ते पोर तापाने फणफणत होतं आणि सगळी खोली मला 'निर्दोष' म्हणत होती. मी गुडघे टेकले.

"मादाम, मी रडले आहे."

"कधी?" मादामचा आवाज एकदम खाली गेला.

"आठवडा झाला. माझी मुलगी आजारी आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

मी मान हलवली. उर्स्यूलचं नाव नाही घेतलं. तेवढं एक तरी पोटात ठेवलं.

मोस्यू पेल्त्ये रुमालाने जीभ पुसत होते. म्हणाले, "मला रंग जरा निळसर वाटलाच होता."

माझ्या हातून तिला उचललं. तिला वाटलं खेळ आहे, ती हसली. मग दार लागलं. माझी छाती फडक्यांनी करकचून बांधली, कडू काढा प्यायला दिला, दूध आटवायला. मला चादरींच्या खोलीत ठेवलंय, मोस्यूंचा अहवाल लिहून होईपर्यंत. भिंतीपलीकडे ती रडते ते ऐकू येतं. ती रडली की मला पान्हा फुटतो, फडकं भिजतं आणि मग बाई येऊन आणखी घट्ट बांधते.

तुझं मूल गेलं, म्हणून माझ्या हातातलंही टिकू द्यायचं नव्हतं का तुला? पेरेतबद्दल तर अजून एक अक्षर नाही. आधी घाबरवायचं, मग गप्प बसायचं, हे तुला लहानपणापासून चांगलं जमतं.

मातुरीन


व्हर्साय, १ फेब्रुवारी

ताई,

माझं मागचं पत्र जाळून टाक. आधी जाळ, मग हे वाच.

तुझं उत्तर काल मिळालं. किती वेळा वाचलं सांगू? मी एवढं घाणेरडं लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच तू हे लिहिलं होतंस. 'पेरेत बरी आहे. काल बाकावरून पडली आणि उठून हसली. आता ऐक. तुझं पत्र वाचून मला तुझी कीव आली आणि रागही आला. एटिएन गेल्यापासून मी रोज रडते आहे. चुलीपुढे रडते, विहिरीवर रडते, तुझ्या पोरीला पाजताना माझी टिपं तिच्या डोक्यावर पडतात आणि ती हाताने पुसते. त्या दुधावर ती तापातून उठली. तिला असं बाळसं आलंय की उचलून माझी कंबर मोडते. हे विष असेल तर तुझ्या वैद्यबुवांना सांग, पिंपभर पाठवून देते. ठकीला पाजत राहा आणि तोंड मिटून ठेव.'

तोंड मिटून ठेव! पाच दिवस आधी आलं असतं तर.

पहिल्या राखीव बाईला ठकीने तोंडच लावलं नाही. दुसरीला लावलं, दोनदा ओढलं आणि मान फिरवली. आता पातळ पेज चमच्याने भरवतात, पावाची, त्यात थोडी वाइन. ती बाहेर काढते. काल ताप उतरावा म्हणून मोस्यूंनी तिच्या पायातून रक्त काढलं. केवढासा पाय तो, ताई! गियेमेत सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "रडते, पण आवाज नाही आता फारसा."

मी तुझं पत्र घेऊन मादामकडे गेले. दारावरचा माणूस अडवत होता, त्याला ढकललं. मोस्यू तिथेच बसले होते. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, पिंपाचं वाक्यसुद्धा वाचलं.

मादामनी माझ्या हातून पत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे तू बाहेरून आणलंस?"

"हो मादाम. मला फाशी द्या, पण आधी तिला पाजू द्या. अजून थोडं आहे. बांधलंय तरी आहे."

मोस्यू पेल्त्ये हसले. वाईट हसले नाहीत, समजावल्यासारखं हसले. "बाई, ती शेतकऱ्याची मुलगी. तिला दगड चारले तरी पचतील. राजरक्ताच्या मुलीची प्रकृती वेगळी असते."

मी म्हटलं, "मोस्यू, मी सहा महिने तिला पाजलंय. तिची प्रकृती पेरेतसारखीच आहे. दोघी भूक लागली की रडतात."

मला बाहेर काढलं. मादामच्या हातातला पंखा मात्र थांबला होता.

ताई, देवळात जाऊन तिच्यासाठी मेणबत्ती लाव. नाव विचारलं तर ठकी सांग.

मातू


व्हर्साय, उर्स्यूलच्या घरून, ९ फेब्रुवारी

ताई,

ती गेली. तुम्हाला चर्चच्या घंटेवरून कळलं असेल. बाकीचं सांगते.

चार तारखेला भर दुपारी मादाम द ब्रेझोल स्वतः चादरींच्या खोलीत आल्या. बरोबर कुणी नव्हतं. "मातुरीन, चल," एवढंच म्हणाल्या. जिन्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी माझी फडकी सोडली. अंगठ्या घातलेल्या हातांना गाठी सुटेनात, तर दातांनी ओढल्या.

मला ठकीला ओळखायला क्षणभर लागला. गाल गेले होते. टाळू आत गेली होती. मी तिला घेतलं, तर तिने नाक माझ्या अंगाला घासलं. तिने मला ओळखलं, ताई. तोंड उघडलं आणि अचूक लावलं. ओढत होती. दोनदा ओढायची, दमायची, थांबून माझ्याकडे बघायची, पुन्हा ओढायची.

काहीच आलं नाही.

मी छाती दाबली, चोळली, गरम पाण्याची फडकी ठेवली. नऊ दिवस बांधून, काढे पाजून त्यांनी ते आटवलं होतं. तिकडे भिंतीपलीकडे नुसती रडली तर वाहायचं, आणि आता ती तोंडाशी असताना एक थेंब नाही. तरी तिने सोडलं नाही. तशीच तोंडात धरून झोपली. मादाम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, मी जोवर तिथे होते तोवर त्या वळल्या नाहीत.

पाचला सकाळी पाद्रीबाबांना बोलावलं. मरायला टेकलेल्या मुलाला बिननावाचं पाठवता येत नाही. पण नाव काय ठेवायचं? महाराज शिकारीला गेलेले, महाराणी अंथरुणाला खिळलेल्या, कुणी काही ठरवलेलंच नव्हतं. पाद्रीबाबांनी विचारलं, आज कुठल्या संताचा दिवस आहे? गियेमेत म्हणाली, संत अगातचा. तेच ठेवलं. आपण बायका दूध चांगलं यावं म्हणून जिच्यापुढे मेणबत्ती लावतो, तिचं नाव. धर्ममाता म्हणून गियेमेतला उभं केलं, धर्मपिता म्हणून दारावरच्या पहारेकऱ्याला. त्याने हातातला भाला भिंतीला टेकवला आणि आत आला.

अगात हे नाव तिला तासभर मिळालं. माझ्या मांडीवर गेली. कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही, मी तिला थोपटतच होते. मादामनी माझा हात धरून थांबवला.

सात वर्षांखालच्या मुलासाठी दरबार काळं घालत नाही. तसा रिवाजच आहे. त्या संध्याकाळी खालच्या दिवाणखान्यात व्हायोलिनं वाजत होती. महाराणींच्या खिडक्या मात्र बंद होत्या, गियेमेतने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिला उघडलं. काळीज वेगळ्या डबीत घालून जोगिणींच्या मठात पाठवलं, बाकीची ठकी राजघराण्याच्या थडग्यांत. पाणी द्यायला गियेमेत आत होती. ती म्हणाली, पोट रिकामं होतं, पिशवीसारखं चिकटलेलं. मोस्यू पेल्त्येंनी कागदावर लिहिलं, पहिल्या दूधआईच्या दूषित दुधामुळे.

ताई, ते खोटं आहे हे मला माहीत आहे. पण मी तोंड मिटून बसले असते तर ती आज मोजे उडवत असती, हेही मला माहीत आहे. मी तिच्या भल्यासाठी बोलले. जीव तुटत होता म्हणून बोलले. तुझी आसवं पेरेतच्या डोक्यावर पडतात, ती वाढते, हे गावातल्या कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं. मी विश्वास ठेवला वैद्यावर.

निघताना मादामनी मला जवळ बोलावलं. त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, "मी तुला परत बोलावलं होतं, हे कुणाला सांगू नकोस." मी मान हलवली. आणि बघ, तुला सांगितलंच.

आता ते लिहिते, जे मी मादामच्या भीतीने लिहीत नाही म्हणत होते. भीती मादामची नव्हती.

एटिएनला पुरायला नेलं त्या दिवशी मी आले नाही. तू समजलीस मी आजारी आहे. दारात उभी राहून तू हाक मारलीस, "मातू, चल ना गं, मला धरायला कुणीतरी हवं." मी आतून म्हटलं, डोकं ठणकतंय. ताई, डोकं ठणकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी राजवाड्याची माणसं दूधआया निवडायला येणार होती. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, मरणाच्या घरी जाऊ नका, रडू नका, दूध तपासणार आहोत. मी आत बसून कोंबडीचं सूप पीत होते. तुझी पावलं दूर जाताना ऐकली आणि वाटी तोंडाला लावली. तुझ्या बाळासाठी मी डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही, आणि निवडून आले.

तुला हे कळलं असेल, म्हणूनच तू लिहीत नव्हतीस. नसेल कळलं तर आता कळलं.

उर्स्यूल उद्या निघते, हे पत्र ती देईल. मी गुरुवारी पायी येते. पेरेतला माझ्याकडे द्यायची घाई करू नकोस. ती तुला आई म्हणत असेल तर म्हणू दे, माझी तक्रार नाही. मला फक्त तुझ्या चुलीपाशी बसू दे. इतके महिने मला रडायची बंदी होती. आता बिघडायला काही उरलेलं नाही. ठकीसाठी मी अजून रडलेले नाही, रडू आलं की थोपवून धरते, कारण तिचा नंबर दुसरा आहे.

आधी एटिएनसाठी रडायचंय. मला त्याच्या थडग्यापाशी घेऊन चल आणि या वेळी तू मला धर.

मातू